यादीत नसलेलं कलम

लग्नाची बैठक डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोरासमोर बसलेली, मधे पानसुपारीचं तबक, आणि अक्षर चांगलं म्हणून पुढे केलेले एक काका मांडीवर कागद घेऊन. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं, वर 'श्री' येतो आणि एकेक कलम उतरत जातं. हॉलचं भाडं कुणाकडे, वरपक्षाची माणसं किती, मंगळसूत्र कुणी करायचं, विहिणीची साडी कोणती, मुलाच्या मामांना आहेर काय. शेवटी खाली दोन सह्या होतात, एक मुलीच्या वडिलांची आणि एक मुलाच्या वडिलांची. याला आपण 'याद्या करणं' म्हणतो, आणि याद्या झाल्या की लग्न पक्कं झालं असं मानतो.

म्हणजे लग्नाआधी देण्याघेण्याचं कागदावर उतरवणं आपल्याला मुळीच परकं नाही. मग त्याच घरात, त्याच आठवड्यात लग्न करणाऱ्या दोघांपैकी एकाने म्हटलं, "आपणही आपल्या पैशांचं काय ते लिहून ठेवू या," तर सगळे एकदम गप्प का होतात? मानपान लिहिला तर शुभ आणि घराचं कर्ज लिहिलं तर अशुभ, असं का?

या कोड्याला दोन बाजू आहेत, एक कायद्याची आणि एक मनाची. आधी कायद्याची पाहू. बोलायचं कसं हे समजण्याआधी बोलायचं नेमकं कशाबद्दल आहे, हे कळायला हवं.

दोन हंडे आणि एक हौद

बहुतेकांना वाटतं, करार केला नाही म्हणजे आपल्यात कसल्याच अटी नाहीत. तसं नसतं. अक्षता पडल्या की एक नियमावली आपोआप लागू होते. ती आपण लिहिलेली नसते आणि बहुतेक वेळा वाचलेलीही नसते. ती कायद्याने लिहून ठेवलेली असते. विवाहपूर्व करार, ज्याला शहरांत आता 'प्रीनप' म्हणतात, तो म्हणजे या तयार नियमावलीच्या जागी किंवा तिच्या जोडीला दोघांनी लग्नाआधी ठरवलेले पैशांचे आणि मालमत्तेचे नियम.

तयार नियमावल्या जगभर ढोबळपणे दोन तऱ्हांच्या आहेत. पहिली तऱ्हा दोन हंड्यांची. नवऱ्याचा हंडा वेगळा, बायकोचा वेगळा. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. दुसरी तऱ्हा हौदाची. लग्न झालं की दोघांचे हंडे एकाच हौदात ओतले जातात आणि हौदातलं पाणी निम्मं निम्मं दोघांचं होतं.

महाराष्ट्रात दोन हंडे आहेत. सांगली किंवा सावंतवाडीपर्यंत हंडे, आणि बांदा ओलांडून गोव्यात गेलात की हौद. एकाच देशात, एकच पाऊस पिणाऱ्या दोन प्रदेशांत हा फरक आहे आणि लग्नं तर दोन्हीकडे सतत जुळत असतात.

हंड्यांचा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहा. समजा, पुण्यातल्या एका मुलाने लग्नाआधी वर्षभर स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला. हप्ता महिना ५० हजार. लग्नानंतर बायकोचा पगारही जवळपास तेवढाच. दोघं सोयीने ठरवतात, "हप्ता माझ्या खात्यातून जातोच आहे, तू घरखर्च बघ." बारा वर्षं तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं, गॅस, वीज, दिवाळी. बारा वर्षांनी त्याच्या पैशांचं घर झालेलं असतं आणि तिच्या पैशांच्या पावत्याही उरलेल्या नसतात. तिच्या पगाराशिवाय तो हप्ता भरूच शकला नसता, हे दोघांनाही मान्य असतं. पण इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव एकाचंच असतं.

उद्या बिनसलं, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे न्यायालय तिला पोटगी देऊ शकतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिला घरात राहण्याचं संरक्षणही मिळू शकतं. पण मालक म्हणून त्या घराचा निम्मा वाटा मिळेल असा नियम महाराष्ट्रात नाही. तो आणण्याचा एक प्रयत्न झाला होता. विवाह कायद्यांतल्या दुरुस्तीचं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभेत ते पुढे गेलं नाही आणि बारगळलं.

इथे मला एक विलक्षण गोष्ट दिसते. मुलं परदेशी बातम्या वाचून घाबरलेली असतात की घटस्फोट झाला तर बायको निम्मं नेणार. मुली निर्धास्त असतात की घर 'आपलं' आहे. दोघांचाही समज चुकीचा आहे. निम्म्याचा नियम इथे नाही, आणि 'आपलं' हा शब्द नोंदणी कार्यालयात चालत नाही. पैशांबद्दल एकदा नीट बोलणं झालं, तर पहिल्या तासाभरातच एकाची भीती जाते आणि दुसऱ्याचे डोळे उघडतात.

गोव्यातली पद्धत

गोव्यात विवाहपूर्व करार ही नवी कल्पना नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० पासून लागू झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण पुढच्या वर्षीच्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, म्हणून कुटुंबविषयक नियम तेच राहिले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना मुळात एकच संहिता.

या संहितेप्रमाणे लग्नाआधी दोघांनी आपल्या मालमत्तेची पद्धत निवडायची असते. हौद हवा की हंडे? की मधली वाट, म्हणजे लग्नाआधीचं ज्याचं त्याचं आणि लग्नानंतर कमावलेलं दोघांचं? हुंड्याच्या मालमत्तेची एक जुनी चौथी पद्धतही संहितेत आहे. जे ठरेल ते निव्वळ साध्या कागदावर लिहून चालत नाही, अधिकाऱ्यासमोर रीतसर दस्त करावा लागतो, आणि तो लग्नाच्या आधीच. एकदा लग्न झालं की पद्धत बदलता येत नाही. काहीच लिहिलं नाही, तर कायदा धरून चालतो की तुम्ही हौद निवडला आहे. मग काही अपवाद सोडले तर लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलं, सगळं दोघांचं निम्मं निम्मं.

हा निम्मा वाटा तिथे रोजच्या व्यवहारात दिसतो. गोव्यात घर किंवा बागायत विकायची तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. प्राप्तिकरालाही या हौदाची दखल घ्यावी लागली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५-अ खास त्यासाठी घातलं गेलं. त्याप्रमाणे पगार ज्याचा त्याच्याच नावावर धरला जातो, पण घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा हे उत्पन्न पती-पत्नीत समान वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं असतं. आणि २०१९ साली मुंबईतल्या एका मालमत्तेवरून सर्वोच्च न्यायालयात खटला आला, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की गोवेकराच्या वारशाला ही संहिता लागू होते, मग मालमत्ता भारतात कुठेही असो.

गोव्याची संहिता मी आदर्श म्हणून सांगत नाही. निम्मी मालकी बायकोची मानूनही या संहितेने त्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. त्या काळाचा ठसा तिच्यावर स्पष्ट आहे. पण एक गोष्ट तिने साधली. तिने हा प्रश्न संशयाच्या कोपऱ्यातून उचलला आणि लग्नाच्या कागदपत्रांच्या रांगेत ठेवला. जन्मदाखला आणा, नोटीस द्या, आणि मालमत्तेची पद्धत सांगा. जो प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो, तो कुणाच्या जिव्हारी लागत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुणी अधिकारी विचारत नाही. तो दोघांपैकी एकाला विचारावा लागतो. सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

कोर्ट काय मानतं, काय मानत नाही

"पण आपल्याकडे प्रीनप चालतच नाही ना?" हा पहिला आक्षेप असतो. तो अर्धा खरा आहे, म्हणून नीट उलगडायला हवा.

हिंदू विवाह हा परंपरेने संस्कार मानला गेला, व्यवहार नव्हे. त्यातच भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३ सांगतं की सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्दबातल असतो. 'सार्वजनिक धोरण' म्हणजे समाजाच्या एकूण हिताला धक्का लागू नये असं न्यायालयाने धरलेलं माप. या मापाने कशाला कात्री लागते, याचं एक जुनं उदाहरण १९०१ सालचं, कलकत्ता उच्च न्यायालयातलं. लग्नाआधी जावयाने लिहून दिलं होतं की तो सासरीच राहील आणि बायकोला तिच्या आईच्या घरातून कधीही हलवणार नाही. घरजावयाचा करारच म्हणा ना. पुढे तो मोडला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने करार अमान्य केला. नवरा-बायकोने कुठे आणि कसं राहायचं हे असं कायमचं बांधून ठेवणं त्या काळच्या न्यायालयाला हिंदू कायद्याशी विसंगत वाटलं.

तेव्हापासूनचा एकूण धडा असा. 'घटस्फोट झाला तर पोटगी मागणार नाही' असं लिहून घेतलं, तरी कायद्याने दिलेला पोटगीचा हक्क त्याने मरत नाही. मूल कुणाकडे राहील हे आधी लिहून ठेवता येत नाही, कारण त्या वेळी मुलाचं हित कशात आहे हे न्यायालयच पाहणार. लग्न मोडायला उत्तेजन देणारी अट टिकत नाही. आणि संपूर्ण प्रीनप जसाच्या तसा अमलात आणा, असं महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयाला बजावणारा कायदाही नाही.

मुस्लिम विवाहाचं वेगळं आहे. निकाह हा मुळातच करार आहे. मेहरची रक्कम निकाहनाम्यात लिहिली जाते, काही अटीही घालता येतात, आणि मेहर हे नवऱ्यावरचं देणं ठरतं. म्हणजे लग्नाआधी पैशांचं स्पष्ट बोलणं आपल्या शेजारच्याच घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे.

मग महाराष्ट्रातल्या हिंदू जोडप्याने लिहायचं कशाला? कारण प्रीनपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक, पुढे काय करायचं याची वचनं. दोन, आज काय आहे याची नोंद. वचनांचं बळ न्यायालयात कमी पडू शकतं. पण अमुक फ्लॅट लग्नाआधीचा आहे, त्यावर इतकं कर्ज बाकी आहे, अमुक दागिने तिच्या आजीचे आहेत, ही नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते. आणि वचनांपैकी बरीचशी दुसऱ्या, पक्क्या कागदांवर नेता येतात. त्या कागदांकडे शेवटी येतो.

लग्नाला चार दिवस असताना

जिथे विवाहपूर्व करार पूर्णपणे मान्य आहेत, तिथेही ते कधी कोसळतात हे पाहिलं की विषय कधी काढायचा याचं उत्तर मिळतं.

ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे निकाली निघालं. पुरुष सदुसष्ट वर्षांचा, गडगंज श्रीमंत. बाई छत्तीस वर्षांची, दुसऱ्या देशातून केवळ त्याच्यासाठी आलेली, गाठीला काही नाही. ओळख इंटरनेटवरची. २००७ च्या सप्टेंबरात लग्न ठरलं. पोशाख शिवून झाला होता, तिचे आईवडील परदेशातून येऊन पोचले होते. लग्नाला दहा दिवस राहिले असताना तो तिला वकिलाकडे घेऊन गेला. सही केली नाहीस तर लग्न होणार नाही, म्हणाला. तिच्याच वकील बाईंनी तिला बजावलं की हा करार तुझ्यावर घोर अन्याय करणारा आहे, सही करू नकोस. लग्नाला चार दिवस असताना तिने सही केली. न्यायालयाने पुढे तो करार रद्द केला. तिला करार समजला नव्हता म्हणून नव्हे. तो चांगला समजला होता. पण नाही म्हणायला तिच्यापाशी जागाच उरली नव्हती.

कॅलिफोर्नियात, जिथे आपली कितीतरी मराठी मुलं-मुली संसार थाटतात आणि जिथे लग्नानंतरच्या कमाईला हौदाचा नियम लागतो, तिथल्या कायद्याने हा धोका ओळखला आहे. कराराचा अंतिम मसुदा हाती पडणं आणि त्यावर सही करणं, यात किमान सात दिवस गेले पाहिजेत, असं कायदाच सांगतो. यामागे बेसबॉलपटू बॅरी बाँड्स याचं गाजलेलं प्रकरण आहे. त्याच्या पत्नीने १९८८ मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी सही केली होती, आणि २००० साली न्यायालयाने तो करार ग्राह्य धरला. त्यानंतर कायदा बदलण्यात आला.

आपल्याकडे नोंदणी विवाहासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागते. पण मला विचाराल तर तेवढाही वेळ अपुरा आहे. हा विषय पत्रिका छापायला टाकण्याआधी निघायला हवा, आणि शक्य असेल तर साखरपुड्याच्याही आधी. पत्रिका वाटून झाल्या की 'लोक काय म्हणतील' हा तिसरा पक्ष खोलीत येऊन बसतो, आणि मग जो होकार मिळतो तो मनापासूनचा आहे की लाजेपोटी, हे दोघांनाही सांगता येत नाही.

तथास्तु म्हणणारी वास्तू

आता मनाची बाजू. आपल्या घरांत एक समजूत खोल मुरलेली आहे. वास्तू 'तथास्तु' म्हणते, म्हणून वाईट बोलू नये. लग्नघरात 'घटस्फोट' शब्द उच्चारला, तर तो खरा होईल ही भीती आईच्या डोळ्यांत अगदी खरी असते. तिला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकलं, तर संवाद तिथेच संपतो. पण याच घरांना दुसराही एक अनुभव आहे. ज्या भावांनी वेळेवर मोजणी करून बांध घातला, ते एकमेकांच्या ओट्यावर बसून चहा पितात. ज्यांनी 'आपल्यात कशाला मोजणी' म्हणून सोडून दिलं, त्यांची नातवंडं तारखांना जातात. सातबाऱ्यावर नाव असल्याने भाऊपण तुटलेलं मी पाहिलेलं नाही. नाव नसल्याने तुटलेलं अनेकदा पाहिलं आहे.

जोडीदाराला लागतं ते मात्र निराळं. त्याला ऐकू येतं, "तुझ्यावर माझा विश्वास नाही." बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जोडीदार नसतोच, दुसरंच कुणीतरी असतं. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून भरलेली घराची पहिली रक्कम. भावासोबतचं भागीदारीतलं दुकान. पहिल्या लग्नातलं आठ वर्षांचं मूल. एकुलती एक मुलगी असेल तर गावाकडचे आईवडील. म्हणून करार शब्द उच्चारण्याआधी ते माणूस समोर आणावं. "मला एक करार करायचा आहे" याऐवजी,

"बाबांनी फ्लॅटला पंधरा लाख दिलेत. ते त्यांचं म्हातारपण आहे. आपलं उद्या काहीही झालं, मी असेन किंवा नसेन, तरी ते पैसे त्यांना परत मिळावेत असं मला वाटतं. तुला काय वाटतं?"

या वाक्यात मागणी नाही, काळजी आहे. आणि शेवट प्रश्नाने आहे. तिकडूनही अशीच एखादी काळजी बाहेर येते. "मीपण आईला दर महिन्याला दहा हजार पाठवते. लग्नानंतर ते थांबवावं लागेल का, हे मी तुला विचारायलाच घाबरत होते." या दोन वाक्यांत विषय निघालेला असतो. तिच्या प्रश्नाला कायद्याचाही आधार आहे. कल्याणच्या एका डॉक्टर महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलं की लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी असते.

सुरुवात स्वतःच्या झाकल्या मुठीपासून करावी. आधी आपला पगार, आपलं कर्ज, आपल्या चुका सांगाव्यात. शेअरमध्ये बुडालेले चार लाख लपवून समोरच्याचं बँक पासबुक मागणाऱ्याला विश्वासाची अपेक्षा करता येत नाही. बोलणं समोरासमोर व्हावं, मेसेजवर नको, आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. पहिल्या दिवशी जोडीदार गप्प झाला तर त्याला गप्प राहू द्यावं. "आठवडाभर विचार कर, तुझ्या ओळखीच्या वकिलांना विचार, मग बोलू" हे म्हणता येणं ही त्या बोलण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. आईवडिलांना मग दोघांनी मिळून सांगावं. मुलाच्या आईने सुनेचं नाव घेऊन "तिनेच काढलं असेल हे" म्हणण्याची संधीच ठेवू नये.

आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. दोघांच्या कमाईत किंवा घरच्या परिस्थितीत मोठं अंतर असेल, तर कमी बळाच्या माणसाने स्वतःचा वेगळा वकील गाठल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये. एकाच वकिलाने दोघांची बाजू सांभाळली, हे ऐकायला घरगुती वाटतं, पण ज्याने फी दिली त्याचंच हित त्या कागदात उतरतं. फक्त श्रीमंताच्या हंड्यावर झाकण ठेवणारा करार नको. मूल झाल्यावर तिने नोकरी सोडली, तर त्या वर्षांचं मोल कसं धरायचं, हे ज्या कागदात नाही, तो कागद अपुरा आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात गृहिणीच्या घरकामाला मालमत्ता जमवण्यातला वाटा मानलं. जे न्यायालयाला दिसलं ते दोघांना आधी दिसायला हरकत नाही.

चौकट: पहिल्या बोलण्याआधी प्रत्येकाने स्वतःपुरतं लिहावं

*नावावर काय आहे:* घर, जमीन, ठेवी, पीएफ, शेअर, सोनं, गाडी.

*डोक्यावर काय आहे:* शिक्षणकर्ज, घरकर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी. आणि कुणाला जामीन राहिला आहात का? हे बहुतेक जण विसरतात.

*खांद्यावर कोण आहे:* आईवडील, धाकटी भावंडं, आधीच्या लग्नातली मुलं. दर महिन्याला किती जातात?

*पुढे काय येऊ शकतं:* वडिलोपार्जित वाटा, धंद्यातली भागीदारी.

*कशाला हात लागू नये:* आजीच्या पाटल्या, गावचं घर, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे.

पक्के कागद

बोलणं झालं, आता लिहायचं कुठे? महाराष्ट्रात सगळा भार एका करारावर टाकण्याऐवजी तो अनेक छोट्या, कायद्याने पूर्ण मान्य असलेल्या कागदांवर वाटून ठेवणं शहाणपणाचं.

घर दोघांच्या पैशांनी घेणार असाल, तर खरेदीखतातच दोघांची नावं आणि हिस्से लिहा. साठ-चाळीस असेल तर साठ-चाळीस. कुणी किती दिले याचा पुरावा नसेल आणि काही ठरलेलंही नसेल, तर कायदा हिस्से समान मानतो. बँकेच्या कागदावर विशेष लक्ष ठेवा. कर्ज मोठं मिळावं म्हणून बायकोला सहकर्जदार केलं जातं, पण खरेदीखतात तिचं नाव नसतं. मग हप्ते थकले तर बँक तिच्याही मागे लागते, आणि घर विकलं तर तिचा हिस्सा शून्य. सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सही करण्याआधी हा फरक प्रत्येक मुलीला कुणीतरी समजावून सांगायला हवा.

पीएफचा नियम तर फार थोड्यांना माहीत असतो. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द ठरतं, नवं करावं लागतं. शिवाय गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे तो माणूस फ्लॅटचा मालक झाला असं नाही. तो वारसांसाठी सांभाळणारा असतो.

म्हणून मृत्युपत्र. तिशीतल्या माणसाला हा शब्द अभद्र वाटतो, पण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम १५ एकदा वाचा. लग्न झालेली हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते कुणीच नसतील, तर नवऱ्याच्या वारसांचा. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर येतो. ज्या आईला ती दर महिन्याला दहा हजार पाठवत होती, तिच्या आधी दिराचा हक्क उभा राहू शकतो. हे बदलायला वकिलांची फौज लागत नाही. लेखी मृत्युपत्र, तिची सही आणि दोन साक्षीदार पुरतात; नोंदणीची सक्तीही नाही.

राहिले दागिने आणि आहेर. स्त्रीधन ही संपूर्णपणे तिची मालमत्ता आहे, सासरच्या कपाटात ठेवलं तरी ते तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केलं. वाद होतो तो काय काय होतं यावर. त्यासाठीही कागद आहे आणि तो कायद्यानेच सांगितलेला आहे. हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली १९८५ सालीच नियम झाले. वधूला मिळालेल्या भेटींची एक यादी, वराला मिळालेल्या भेटींची दुसरी. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, त्याचं नातं. ही यादी लग्नाच्या वेळी, नाहीतर त्यानंतर लवकरात लवकर करायची असते.

बैठकीतल्या यादीवर दोन वडिलांच्या सह्या असतात. या यादीखाली नियमाने दोनच सह्या लागतात, एक वधूची आणि एक वराची.